एक वाजताची फेरी

तीन वर्षं वेल नुसती फुलत होती.
विहिरीच्या कठड्यावरून न्हाणीच्या कौलांवर गेली,
शेजारच्या माडाला न विचारता मिठी मारली,
आणि फळाच्या नावाने शून्य.
फुलं दुपारी बाराला उघडायची,
रात्री ओल्या रुमालासारखी मिटायची,
तिसऱ्या दिवशी देठासकट खाली.
केर काढताना मी मोजायचे.
मग मोजायचं सोडलं.

कृषी खात्याचा पोरगा आला, बुटांसकट अंगणात.
म्हणाला, बाय, या तीन वेली नव्हेत,
एकाच वेलीच्या तीन फांद्या लावल्यात तुम्ही.
हिला स्वतःचा पराग चालत नाही.
म्हटलं, म्हणजे सगोत्र.
हसला. म्हणाला, सोयरीक बाहेरची बघा.
जाता जाता वर बघून विचारलं,
भुंगे कुठे गेले तुमचे?

भुंगे.
माडाच्या जुन्या वाशांत राहायचे ते.
काळे, जाडे, दिवसभर घुमणारे,
पेन्सिल जाईल एवढ्या भोकांतून
माझ्या ताटाशेजारी भुसा सांडायचे.
मी शिव्या घातल्या, वासे काढले,
लोखंडी पाइप घातले, वर पत्रे.
घर गप्प झालं.
आता त्यांचं काम माझ्या अंगावर.

म्हणून ऑक्टोबरच्या उन्हात मी शिरोड्याच्या धक्क्यावर,
पलीकडे राशोल.
पायी चालणाऱ्याला फेरीला पैसे पडत नाहीत.
आर्मिंदाच्या दारात दुसरी वेल आहे,
मडगावच्या बाजारातल्या फळाच्या बियांची,
माझ्या वेलीशी नातं ना गोतं.
काजूच्या कारखान्यात आम्ही एका बाकावर होतो
एकोणीस वर्षं.
ती म्हणते, व्हर गो, उणें कितें जाता?

फूल हातात धरून ती दाखवते,
हा काट्यांचा मुकुट, हे पाच घाव, वर तीन खिळे.
मी म्हणते, शंभर कौरव, पाच पांडव,
आणि वरचे तिघे कोण
ते घरोघरी वेगळं सांगतात.
दोघीही चष्मा लावून मोजतो.
शंभर काही भरत नाहीत.
ती म्हणते, पळाले असतील.

परागकोष चिमटीने खुडते,
कुंकवाच्या करंड्यात ठेवते.
करंडा बारा वर्षं रिकामाच होता.
एक वाजताच्या फेरीत तो पदराआड,
वारा लागू नये, पाण्याचा शिंतोडा उडू नये.
भिजला की पराग फुटतो, पोरगा सांगून गेलाय.
स्कूटरवाला विचारतो, मावशे, प्रसाद काय?
मी मान हलवते. हो की नाही, त्याचं तो ठरवेल.

घरी पोचेपर्यंत फुलातले तिघे
खाली वाकलेले असतात,
ओणवं होऊन विहिरीत बघावं तसे.
हीच वेळ.
बोटाने हलकेच टेकवायचं, पिवळं पिवळं.
ब्रश आणला होता, जमला नाही.

काजूच्या तेलाने माझ्या बोटांच्या रेषा गेल्या.
रेशनच्या दुकानातलं मशीन
पाच वेळा पुसून ठेवलं तरी म्हणतं, ही कोण?
त्याच बोटांवरची धूळ
हे फूल अचूक ओळखतं.
आपल्या घरची, की नदीपलीकडची.
परकी असेल तरच घरात घेतं.

तिसऱ्या दिवशी देठाशी हिरवा मणी.
बावीस फुलं, तेरा मणी.
दोन खारीने नेले, एक मी दाबून दाबून बघण्यात गेला.
बाकीची नाताळाच्या आठवड्यात
आपणहून पडायला लागली,
रात्री पत्र्यावर धप्प.
पहिल्यांदा मी दार उघडून ओरडले, कोण आहे?

चार आर्मिंदाला नेऊन दिली.
तिने कापलं, चमच्याने खाल्लं,
डोळे मिटून म्हणाली, आंबट.
आणि दुसरं घेतलं.

गोठ्यात एक जुना वासा उरला होता.
तो न्हाणीमागे टेकवून ठेवलाय.
भोकं रिकामी आहेत अजून.
संध्याकाळी कंदील लावायच्या आधी जाते,
वाकून बघते
खाली भुसा पडलाय का.