शेपटीजवळची शाळा

कवाटाच्या अंगणात एकोणचाळीस तलंगा आडव्या.
काहींच्या माना मागे वळलेल्या,
जशी मरताना कुणी मागून हाक मारली असावी.

"लस दिली होती तुम्ही," ती म्हणाली.
आवाज चढवला नाही. तेच जड गेलं.

दिली होती. मीच.
डोळ्यात एकेक थेंब, मागच्या महिन्यात.
वोटेहून मोटारसायकलला बर्फाचा डबा बांधून आलो होतो,
आणि डब्यातला बर्फ शेवटपर्यंत
बर्फच होता, हे मी दोनदा सांगितलं.
दुसऱ्यांदा कुणीच ऐकत नव्हतं.

मग एक तलंग पोत्यावर ठेवून चिरली.
यकृत पिवळट, हळदीच्या हातांनी चाचपल्यासारखं.
शेपटीजवळ एक पिशवी असते,
या वयात बोराएवढी.
रक्तातल्या पोरांची शाळा ती;
चोर कसा ओळखायचा, तिथे शिकतात.
हिची निघाली मुगाएवढी.

लस म्हणजे काय, चोराचं चित्र.
मी चित्र घेऊन वर्गात शिरलो होतो
आणि बाकं रिकामी.

"खायला काय घालता?"

तिने कोठाराचं दार ढकललं.
मका. काढणीनंतर भिजलेला,
दाण्यांच्या बेचक्यात हिरवट पूड,
बंद पेटीसारखा वास.
चांगले दाणे वेचून घरात, उरलेले यांना.
"फेकायचे होते का?" तिने विचारलं.
दोन हंगाम कोरडे गेलेल्या बाईला
याचं उत्तर माझ्या पुस्तकात नाही.

ही बुरशी घाई करत नाही.
पटावरचं रोज एक नाव पुसते,
आणि गुरुजींना वाटतं, पोरं आज उशिरा येतील.

वहीत लिहिलं: मृत ३९, कारण मानमोडी.
खोडलं. पुन्हा तेच लिहिलं,
रकान्यात दुसरं काही मावत नव्हतं.

निघताना चुलीवर मुथोकोई रटरटत होतं,
वेचलेल्या दाण्यांचं.
धाकटा क्यालो दाराला टेकून खोकत होता,
कवाटा म्हणाली, गेले सहा आठवडे असाच.
दंडावर लसीची खूण, नाण्याएवढी.

मी गुरांचा डॉक्टर. पोरांचा नाही.
हेल्मेट घातलं.
काढलं.
"कवाटा, तो वेचलेला मका
जरा उजेडात आण."