सूत

सम्मेद म्हणाला, चाकं बाहेर काढायचीत.
मी लेथवर पंपाचा शाफ्ट धरला होता.
"किती बाहेर?"
त्यानं अंगठा नि बोटाच्या मधली हवा दाखवली.
उद्यमनगरात हवेचंही माप निघतं:
वीस मिलिमीटर,
जुन्या भाषेत सहा सूत, वर नखभर.

अॅल्युमिनियमची दोन कडी कापली.
मधलं भोक चोपन्न पूर्णांक एक.
हबच्या ओठावर सैल बसलं तर गाडी थरथरते,
घट्ट बसलं तर टायर बदलताना शिव्या मला.
"पुढचीच दोन कर मामा, मागची पगारानंतर."
केली.
स्विफ्ट दिसायला लागली
थोरल्याचा कोट घालून लग्नाला आलेल्या पोरासारखी.

आठव्या दिवशी परत.
"वाघबिळाच्या वळणावर
स्टिअरिंग हातातनं काढून घेतंय कुणीतरी.
एक चाक खड्ड्यात गेलं की गाडी तिकडंच बघते."
कुणीतरी म्हणजे मी,
हे पोरगं बोललं नाही.

बाबालाल शिकलगारकडं नेली.
त्याच्याकडं कॅमेऱ्याचं मशीन आलंय,
पण पडद्यावर हिरवं उमटलं तरी तो दोरी लावतोच.
आधी टायरवर तळहात फिरवला.
आतून बाहेर, गुळगुळीत.
बाहेरून आत, करवत.
"पंजे फाकलेत हिचे.
हे आठ दिवसांचं न्हाई मेस्त्री, जुनं दुखणं.
तुझ्या कड्यानं बोलतं केलं इतकंच."

नायलॉनची दोरी, दोन स्टँड,
मागं दोन्हीकडं वीस-वीस जादा सोडून ताणलेली.
टाय रॉडचं नट ढिलं केलं, पाव फेरा, पुन्हा थोडा उलटा.
रिमच्या पुढच्या काठाला पट्टी, मागच्या काठाला पट्टी,
पंजे आत, मिलिमीटरभर.
चाक वरून अर्धा अंश आत कललेलं होतं, ते तसंच ठेवलं:
वळणात धरून राहतं,
आतली कड आधी झिजेल, झिजू दे.

मग मला बाजूला घेतलं.
"अर्धी ओढ गेली. अर्धी तुझी हाय."
खडूनं फरशीवर काढलं:
चाक ज्या रेघेभोवती वळतं ती जमिनीला टेकते इथं,
टायर टेकतो तिथं.
मधलं अंतर म्हणजे तरफ.
"तू ती लांब केलीस, आता रस्ता तिला धरून ओढतो.
हे माझ्या दोरीनं जात न्हाई."

मला समजवायची गरज नव्हती.
प्रेसखाली पाय गेला त्या सालापासून
माझा डावा चार सूत आखूड.
पापाच्या तिकटीजवळ व्हटकरांनी
चपलेखाली कातड्याचे थर चढवून दिले, पुरते चार सूत.
पहिल्या दिवशी दुकानापर्यंत ताठ गेलो, चहावाल्यानंही बघितलं.
महिन्यानं उजवा गुडघा बोलला, मग कंबर.
व्हटकरांनी आरीनं एक थर उसवला
आणि म्हणाले, तुमच्या कंबरेनंबी काही हिशेब धरला असेल की नाही, इतक्या वर्षांत?
पैसे घेतले नाहीत.

कडी पुन्हा चकमध्ये धरली.
ओठ राखून निम्मी उतरवली.
पांढरा कीस गुंडाळ्या होऊन पायाशी साचला,
सम्मेद त्याच्याकडं बघत राहिला,
जणू त्याच्या पगारातनं चाललंय.
"दिसेल का पण, मामा, बाहेर?"
"तुला दिसेल."

संध्याकाळी पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलो.
केर्लीपर्यंत तो दोन्ही हातांनी धरून होता,
पुढं एका हातानं.
वाघबिळाला सीटवर सावरून बसला नि म्हणाला, बघ आता,
आणि दोन बोटांवर वळण घेतलं.
गाडी वळली. कुणी काही काढून घेतलं नाही.

माझ्या बाजूला ब्रेक नव्हता.
चार सूत आखूड पाय
तो शेवटपर्यंत दाबत होता.