समोर बघा

यंत्र म्हणत होतं, अजून एकेचाळीस मीटर.
आणि एकेचाळीस मीटर पुढं होतं
नुसतं कुर्येनलाम्पी तळ्याचं पाणी,
उकळून उकळून काळ्या पडलेल्या चहासारखं.

ही माझी चौथी खेप.
पहिल्या खेपेला काठावरचे सगळे दगड उलटे केले,
दुसऱ्या खेपेला परत सुलटे.
तिसऱ्यांदा शेवाळात कोपरापर्यंत हात घातला
आणि मिळालं काय, तर कुणाचा तरी रबरी बूट,
डाव्या पायाचा.

डबी लपवणारा ताइस्तो.
जन्मभर जंगलात ओंडके तोडायचं यंत्र चालवलं,
आता ओउलूला, लेकीच्या घरी, चौथ्या मजल्यावर.
फोन केला की सगळं विचारतो, सांगत काही नाही.
त्यानं अक्षांश दिले, रेखांश दिले,
दशांशानंतरचे तीन-तीन आकडे,
आणि खाली एक खूण: समोर बघा.
सात वर्षं येईल तो समोर बघत होता
आणि बुडाली म्हणून परत जात होता.

या खेपेला आउनेला आणलं.
अडतीस वर्षं टपाल वाटलं तिनं या भागात,
उन्हाळ्यात सायकलवर,
हिवाळ्यात पायानं ढकलायच्या स्लेजवर.
तिनं यंत्राकडं पाहिलंच नाही.
पडलेल्या बुंध्यावर बसली, थर्मास उघडला, म्हणाली,
"एकदा एक पाकीट आलं.
वर लिहिलेलं, लेम्पी, पिवळ्या कोठाराच्या मागं.
कोठारामागं तर नुसती दलदल.
तीन दिवस माझ्या पिशवीत फिरलं ते.
मग कळलं, लिहिणारी कधीकाळी आगगाडीतून उतरली होती.
रुळांवरून बघितलं तर तिचं मागं म्हणजे आपलं पुढं.
पत्ता चुकत नाही रे.
लिहिणारा कुठं उभा होता, ते आपण विचारत नाही."

मग एक घोट घेऊन,
"महिना कुठला होता?"

मार्च, मी म्हणालो,
आणि म्हणता म्हणता तळं डोळ्यांपुढं गोठलं.

ताइस्तो, स्कीवर, झाडांखालून बाहेर येतोय,
कारण स्प्रूसच्या गर्दीत त्याचं जुनं यंत्र चळायचं,
दर श्वासाला नवा आकडा.
मोकळं आकाश शोधत तो बर्फावर चालत गेला,
आकडे हलायचे थांबले तिथं थांबला,
लिहून घेतले,
आणि मागं वळला, आपण काय लपवलं ते बघायला.

काखेत कळसा म्हणतात.
आम्ही तर कळशाच्याच काखेत उभे राहून
तळं धुंडाळत होतो.

होडी कुणाची होती कोण जाणे.
वल्ही आउनेनं घेतली, आकडे मी वाचले:
बारा, सात, वाऱ्यानं परत नऊ,
चार,
शून्य.
"आता बघ समोर."

काठावर शंभर झाडं, एकजात हिरवी,
आणि मधे एक वाळलेला पाइन, चांदीचा,
त्यात सुतारपक्ष्यानं सोडून दिलेली ढोली.
माझ्या उंचावलेल्या बोटांच्याही वीतभर वर.
असणारच. हिवाळ्यात इथली जमीन मीटरभर वर सरकते.
आम्ही मुळं उकरत होतो,
त्यानं छातीच्या उंचीला सहज हात घातला होता.

एकाहत्तर वर्षांची बाई माझ्या पाठीवर चढली,
बूट न काढता.

झाकणावर लाल टेप. आत वही.
वहीत एकच ओळ, ताइस्तोची,
आणि पेन्सिल, अजून टोकदार.

खरे आकडे मी घरी जाऊन कळवणार होतो.
अजून कळवलेले नाहीत.

तिथूनच ओउलूला फोन लावला, सापडली म्हणालो.
पलीकडं बराच वेळ फक्त लेकीचा टीव्ही.
मग तो:
"बर्फ किती जाड आहे?"

जुलैची आठ तारीख. मानेवर डास.
मी तोंड उघडणार,
तोवर आउनेनं फोन हातातून काढून घेतला.
"हातभर आहे," ती म्हणाली, "बिनघोर ये."