पत्रिकेच्या जाडीएवढी फट

नऊच्या आत काय ते करून घ्यायचं.
नंतर सोलापूरच्या उन्हात बॉनेट एवढं तापतं
की त्यावर कडक भाकरी टाकावी.
म्हणून साडेसहालाच
साखर पेठेतल्या आमच्या बोळात
मी फियाटच्या तोंडात डोकं घालून उभी.

डुक्कर फियाट. एकोणसाठ सालची.
टॉवेलचा कारखाना मिटला तेव्हा
सात महिन्यांच्या पगारापोटी शेठनं तिची चावी दिली
आणि नान्नांनी चार जॉबर लावून
ती घरापर्यंत ढकलत आणली.
आई त्या दिवशी तेलुगूत जे बोलली
ते मी मराठीत आणत नाही.
विजापूर वेशीतला जब्बार भंगारवाला
अजून सहा महिन्यांनी येतो,
वजन विचारतो, किंमत नाही.

आज कार्ब्युरेटर.
वाटी उघडली. तळाला गाळ,
पाचव्या दिवशी नळ आला की
पहिल्या घागरीत असतो तसा पिवळा.
जेट उजेडाकडे धरला: भोकच दिसेना.
शिवणाची सुई उचलली
तर नान्नांनी मनगटावर फाडकन मारलं.
अडतीस वर्षांची आहे मी.
सुई नको, म्हणाले, भोक मोठं होतं,
मग जन्मभर पीत बसते गाडी.
ब्रशाचा एक केस घाल. नाहीतर फुंक.
फुंकलं. जिभेवर पेट्रोल,
आणि जेटमधून पलीकडे
तिळाएवढी गच्ची,
तिच्यावर वाळत घातलेलं लाल सूत.

पॉइंटची फट मोजायचं गेज
मल्लेशमनं नेलं, आणि मल्लेशम गेला भिवंडीला.
मग श्रीलताच्या लग्नाची पत्रिका फाडली.
एक पदर सरकवला: अगदी बरोबर.
श्रीलताचं पुढे काही जमलं नाही म्हणा.
कागद मात्र चांगला होता.

सेल्फ मारला. खोकली.
परत मारला. धरली,
पण लंगडत.

चाळीस वर्षं मागांनी नान्नांचे कान खाल्ले.
दारात पोस्टमन बोंबलला तरी
ते पाठमोरे बशीत चहा ओतत राहतात.
पण आता लांब स्क्रू ड्रायव्हर घेतात,
टोक हेडवर, मूठ जबड्याच्या हाडाला,
डोळे मिटून उभे.
एक सिलिंडर. मग दुसरा.
ऐकतात असं नाही म्हणता येणार.
मागावर तुटलेला धागा
बोटांना आधी कळायचा, डोळ्यांना मागाहून,
तसं काही असेल.

तिसरा, म्हणाले.

तिसऱ्याचा प्लग काढला. काळा, ओला.
चुलत्याच्या सुनेनं खिडकीतून बघितलं
मी प्लग गॅसवर भाजताना,
आणि काही न बोलता दूध बाजूला घेतलं.
घासला, फुंकला, बसवला.
आणि चौघेही
एका ताटात जेवायला लागले.

राहिली डाव्या दाराची काच.
वेग घेतला की खडखडते,
बंद पडलेल्या शेडमध्ये एकटाच माग चालावा तशी.
टॉवेलची किनार चार पदरी दुमडून
खाचेत कोंबणार, तेवढ्यात
नान्ना म्हणाले, उंडनी. राहू दे.

का, ते विचारलं नाही.
त्यांना विचारायचं तर ओरडावं लागतं,
आणि बोळ आता जागा झाला होता.

अशोक चौकापर्यंत जाऊन आलो.
चहाच्या गाड्यावर दोघंतिघं उठून बघायला लागले,
एकानं विचारलं, काय बे, शूटिंग आहे का?
नान्नांना ते गेलं नाही.
त्यांचा तळहात
जातायेता काचेवर होता.

ब्रेक दोनदा दाबल्याशिवाय लागत नाही.
ते पुढच्या रविवारी.