जोडाक्षर

झटक्यानंतर इडवलची जीभ
ओहोटीत रुतलेली होडी.
मेरेरिड त्याला शब्दाचं नुसतं टोक देते,
ग्ल...
आणि तो ओढू लागतो.

ग्लास. बरोबर, काच.
ग्लव्ह, हातमोजा:
बोटं मांडीवरच जाळं सांधू लागतात.
ग्लिमर म्हणजे
पहाटे चारला मिलफर्ड बंदराचा दिवा,
आहे की नाही असा.
ग्लम.
तो खिडकीकडे बघतो.
याचा अर्थ कुणी विचारत नाही.

दारापाशी, कोट न काढता,
ती बसलीय,
एकोणपन्नास वर्षं त्याच जोडाक्षराची.

मेरेरिड पुन्हा म्हणते, ग्ल...
सगळे थांबतात.
ग्लू, तो म्हणतो.

‘चिकटून राहतो तो,’ ग्लेनिस म्हणते,
खुर्ची पुढे ओढत.