बालदीत उरलेलं

बंदी उठायला नऊ दिवस.
साखरीनाट्याच्या बंदरावर माझं दुकान:
बेल्ट, फिल्टर, जाळ्यांची शिसं,
आणि ऑइलच्या वीस लिटरी निळ्या बालद्या.

गफूर सोलकर आले. बालदीच्या तळाशी
चारेक लिटर डुचमळत होतं.
"लाँचला घालून उरलंय गो.
पोराच्या गाडीत ओतू? ऑइल ते ऑइल."

गाडी कशावर चालते, चाचा?
"पेट्रोलवर. गाड्या पेट्रोलवरच चालतात."

मग मी सांगत बसले.
लाँचचं ऑइल दुसऱ्याच फेरीला काळंकुट्ट होतं,
तुम्ही भेसळ म्हणून माझा उद्धार करता.
पण ते बिघडून काळं होत नाही.
डिझेलची काजळी ते स्वतःत धरून ठेवतं,
कुठे बसू देत नाही,
आणि बदलायच्या दिवशी सगळी घेऊन बाहेर पडतं.

(माझी आत्या आठवली.
घरभराचं पोटात ठेवायची,
आणि आम्ही म्हणायचो, हिचं तोंड सदा उतरलेलं.
हे चाचांना सांगितलं नाही.)

पेट्रोलचं ऑइल पातळ.
सकाळी सेल मारला की लगेच वर धावतं.
एवढी काजळी त्यानं पाहिलेलीच नसते.
ते लाँचला घालाल, तर वरून मध
आणि पिस्टनच्या खोबणीत डांबर.

"आणि हे गाडीत?"
इंजिन फुटणार नाही. चालेल काही दिवस.
सायलेन्सरात धूर धुणारी जाळी असते ना,
ती मात्र ह्यातल्या जस्तानं हळूहळू गुदमरते.

चाचांनी बोट बुडवलं, अंगठ्याशी चोळलं,
बांगड्याचा कल्ला उचलून बघावा तसं
डोळ्यांजवळ नेलं.
मग पेट्रोलचा साडेतीन लिटरचा डबा घेतला.
उधार. पहिली फेरी लागली की.
"बालदी राहू दे हितंच."

तीन वाजता पोरगा आला, डबा बगलेत.
"अब्बांना कुणी सांगितलं पेट्रोल?
जुनी डिझेलची आहे माझी.
ते बसतात मागे, झोपतात."

वहीतली ओळ मी खोडली.
पेन्सिलीची होती, तरी ठसा राहिला.
इतकं बोलले मी सकाळी,
आणि बॉनेट उघडून बघायचं सुचलं नाही.

तो बालदी उचलून निघाला.
वारा खाडीकडून, खारा, तिरका.
मी मागून ओरडले:
झाकण लाव रे, झाकण.