पूर्वानुभव

जागा एक. मुदत तीन वर्षं, पुढे वाढू शकेल.
विषय : वनमृदा आणि कार्बनचं चक्र. क्षेत्र : येऊर.
डोंगर चढायची तयारी हवी.
फेलोशिप सहा-सहा महिने उशिरा येते, हे जाहिरातीत नव्हतं,
बोरवणकर मॅडमनी फोनवर सांगितलं.

अर्जात शेवटचा रकाना होता : मातीचा पूर्वानुभव.
मी बराच वेळ पेन धरून बसले.
लिहावं का, आम्ही विटकर, मातीवडार;
आजा गाढवांवर माती वाहायचा,
अण्णा पारसिकच्या पायथ्याशी डंपर भरून घेतात
आणि घोडबंदरला खाजणात रिकामा करतात.
आमच्यात माती ब्रासवर मोजतात.
घरच्या बोलीत तिला मन्नु म्हणतात,
आणि तो शब्द मी शाळेत एकदाही उच्चारला नाही.
मी लिहिलं : नाही.

आता माझ्याकडे बारा रिंगा आहेत,
प्लंबरच्या पाइपातून कापलेल्या, वीतभर रुंद.
पाटोणपाड्याच्या वर सागाखाली सहा, कुंभ्याखाली सहा.
रिंगेवर डबा बसवायचा, तीन मिनिटं हलायचं नाही.
खालची बुरशी, मुळं, ज्यांना अजून नाव नाही असे जीव
सगळे मिळून श्वास सोडतात,
आणि मशीनवर आकडा चढत जातो :
चारशे एकवीस. चारशे तीस. चारशे चव्वेचाळीस.

जैती वरठा रोज माझ्या आधी पोचलेली असते.
जाळीच्या पिशव्यांत पानं भरून मी ठेवते,
महिन्याने काढून तोलते, किती कुजली.
पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती,
सागाचं पान हट्टी, कुंभ्याचं लवकर ऐकतं.
दीड वर्षाने माझा आलेख तेच म्हणाला.
प्रबंधात तिचं नाव आभारात येईल.
मॅडमना विचारलं, अजून कुठे घालता येईल?
त्या म्हणाल्या, बघू.

ठाण्याला खाली उतरून नमुने भट्टीत ठेवते,
साडेपाचशे अंशांवर चार तास.
काळीभोर आत जाते, विटेसारखी लाल बाहेर येते.
वजनातून जे गेलं
ते जंगल.

फेब्रुवारीत डंपर गॅरेजला होता,
म्हणून अण्णा स्कूटरवरून सोडायला आले आणि थांबले.
चौथ्या रिंगेपाशी उकिडवे बसून चिमूट उचलली,
नाकाशी नेली. हिला भाव काय?
विकत नाहीत, म्हटलं.
एवढा थर बनायला किती वर्षं?
मी बोटाचं एक पेर दाखवलं : शंभर, दोनशे, जागेवर असतं.
एका खेपेला पाच ब्रास, ते म्हणाले,
दिवसाला सहा खेपा,
आणि गुणाकार तिथेच सोडून दिला.
मीही पुढे नेला नाही.

मग म्हणाले, श्वास घेते म्हणतेस?
मी म्हटलं, सोडते. आणि ते ऐकायला वाकले,
अगदी डब्यावर कान ठेवून,
डॉक्टर ठेवतात तसा.
आकडा उडाला. सहाशे बारा.
अण्णा, लांब सरका, तुमचा श्वास मोजला जातोय!

माझा आवाज जरा चढलाच होता.

वहीत अशा रीडिंगसाठी दोन रकाने असतात.
चौथी रिंग, अकरा दहा : वगळावं.
कारण : जवळ माणूस होता.
शाई वाळेपर्यंत मी त्या ओळीकडे बघत राहिले.

उरलेल्या आठही रिंगांना
ते वाऱ्याच्या खालच्या अंगाला, करवंदीच्या जाळीपलीकडे,
तोंडाला टॉवेल घट्ट धरून उभे राहिले,
डंपर रिकामा होताना
धुळीत राहतात तसे.